उताराची खूण

इंदिरानगर, नाशिक
६ मे २००४

प्रिय रोहिणीताई,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. प्रतिभाची तब्येत ठीक. रवीला कंपनीत पुन्हा दुसरी पाळी लागली म्हणून घरात पाय आपटत फिरतो. तुमची-आमची नात आता बसायला लागली आहे. बसते म्हणजे काय, आपण बसवली की थोडा वेळ ऐटीत बसते आणि मग पोत्यासारखी कलंडते. द्राक्षं संपली. रवीच्या मित्राने दिंडोरीहून बेदाणा आणून दिला, त्यातला निम्मा तुमच्यासाठी बरणीत भरून ठेवला आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमचा आवाज आला की मी आपली "हो हो, सगळं छान" म्हणून मोकळी होते. आज तसं मोकळं व्हायचं नाही. शाळेत जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकवलं, मुद्दा आधी मांडा म्हणून ओरडले. आता माझाच मुद्दा मागे राहिला आहे, तेवढं चालवून घ्या.

मुद्दा काठीचा आहे.

फेब्रुवारीत नातीच्या नामकरणाला तुम्ही औरंगाबादहून आलात. निघताना मी तुम्हाला येवल्याची साडी दिली, चांगली जरीची, मुद्दाम जाऊन आणलेली. आणि तुम्ही पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी काढून माझ्या हातात दिलीत. तीही भरल्या घरात. त्यातून वापरलेली! खालचं रबरी बूच एका अंगाने झिजलेलं, नळीवर नेलपॉलिशचे लाल ठिपके. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "घ्या नवसाताई, लागेल. कशी वापरायची ते दाखवते." मी म्हणाले, "बघू नंतर," आणि ती दाराआड उभी करून टाकली.

तुमची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच आमच्या नणंदबाई, अक्काबाई, म्हणाल्या, "इहिणीनं काठी दिली गं! टेकायला का सुनंला हाणायला?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून नुसता जळफळाट झाला. आम्ही मानपान मानत नाही, असं मी चारचौघांत सांगते. ताई, मी मानते. चांगलाच मानते.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून एकदा टेकून पाहिली. तुम्ही उंच आणि मी ही अशी. मूठ बरगडीशी आली आणि खांदा कानाला लागला. म्हटलं, झालं, बाईंनी आपल्या मापाची जुनी काठी माझ्या गळ्यात मारली. मग मी तिला कामाला जुंपलं. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांड्या छतालगत आहेत, तुम्ही पाहिल्यात. आमची बांबूची काठी चिरली होती, म्हणून तुमच्या काठीने रवीचे शर्ट, बाळाची दुपटी, सगळं वर जाऊ लागलं. फोनवर तुम्ही विचारायचात, "काठी वापरता ना?" मी म्हणायचे, "रोज वापरते हो!" त्यात खोटं काहीच नव्हतं. प्रतिभा मात्र तोंडाला ओढणी लावून आत पळायची, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एप्रिलमध्ये एक दिवस मी काठी उलटसुलट धरून ओली चादर दांडीवर सारत होते. अंगठा कुठल्याशा बटणावर दाबला गेला, आतली नळी सर्रकन वरच्या नळीत शिरली आणि निथळती चादर सगळीच्या सगळी माझ्या डोक्यावर! प्रतिभा धावत आली. मी चादरीतूनच म्हटलं, "मोडली गं तुझ्या मम्मीची काठी."

"मोडली नाही आई, लहान झाली. ती लहानमोठी होते."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

तुमचीच लेक, दुसरं काय.

मग तिने मला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. नळीवर ओळीने भोकं आहेत, बटण दाबून नळी सरकवायची आणि हव्या त्या भोकात अडकवायची. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाशी यायला हवी. मधला ठिपका सपाटीचा. चढाला काठी आखूड करायची, उताराला लांब, म्हणून तीन खुणा. दवाखान्याच्या जिन्यावरून पडून तुमचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा तुमच्या ज्ञानेशने ती जर्मनीहून पाठवली, आणि हिच्याच जोरावर तुम्ही पुन्हा औरंगाबादच्या लेण्यांचा डोंगर चढायला लागलात. बूच तिथे झिजलं होतं.

मी विचारलं, "मग आता तुझी मम्मी काय टेकते?"

"छत्री," ती म्हणाली. "डोंगरावर जात नाही आता. चढ झेपत नाही म्हणते. बागेपर्यंत जाते आणि येते. दादा दिवाळीत येईल तेव्हा दुसरी आणेल."

"मग मला का दिली?"

"मम्मी म्हणाली, नवसाताई भिंतीला हात लावून चालतात आणि कुणाला कळू देत नाहीत."

ताई, मी ओल्या साडीत तशीच बसून राहिले.

रवीला दिसलं नव्हतं. प्रतिभा चोवीस तास घरात, तिलाही नाही. मी तशी हुशार आहे. भाजी आणायला जाताना कुंपणाच्या कडेने जायचं, बसच्या पायऱ्या चढायच्या नकोत म्हणून रिक्षाच बरी म्हणायचं. दोन वर्षं वैशाख पौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांवर गेले नाही, तर म्हणायचं, ऊन फार आहे, गर्दी फार आहे. तुम्ही नामकरणाला एक दिवस राहिलात आणि तुम्हाला दिसलं. जन्मभर रुग्णांना उठवून चालवलंत, त्या डोळ्यांना मी काय फसवणार?

खरी गोष्ट ऊन नव्हती आणि गर्दीही नव्हती. चढायला मला अजूनही फारसं काही होत नाही. मला उतरता येत नाही. गुडघे आधीपासूनच तसे. लग्नानंतर पहिल्यांदा लेणी उतरताना मी घाबरून उभी राहिले, तेव्हा हे एक पायरी पुढे झाले आणि म्हणाले, "खांदा धर." तेव्हापासून दर वर्षी हे पुढे, मी मागे, हात यांच्या खांद्यावर. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंचं नवऱ्यावर किती प्रेम! प्रेम होतंच, पण गुडघेही होते. हे गेल्यावर त्या वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि पुढे कुणीच नसायचं, हे मला मनातसुद्धा बघवत नव्हतं. म्हणून मी चढायचंच सोडलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परवा पौर्णिमेला गेले.

उन्हाच्या आधी निघालो. रवी बाळाला घेऊन पायथ्याशी थांबला, प्रतिभा माझ्याबरोबर आली. पांढरी साडी, एका हातात मेणबत्त्यांची पिशवी, दुसऱ्यात तुमची काठी. अर्ध्या वाटेवर दम खायला टेकले, तिथे विंचूरकडचे एक म्हातारबाबा बसले होते, चिमाजी नावाचे. काठीकडे टक लावून म्हणाले, "बाई, ही काठी हे का छत्रीचा दांडा?"

"काठी आहे."

"लय हलकी दिसती. मोडायची नाय ना?"

"मोडली तर तुमच्यावरच पडेन. जरा सरकून बसा."

बाबा दात नसलेल्या तोंडाने एवढे हसले की प्रतिभाला त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी काठी मागून घेतली, बटण दाबून चार वेळा लहानमोठी केली आणि पसंत पडल्यासारखी मान हलवत परत दिली.

वर वंदना झाली. मेणबत्ती लावली, एक यांच्या नावाची लावली. मग उतरायची वेळ आली. वरच्या पायरीवर उभी राहिले आणि पाय उचलेना. मागून लोक येत होते. प्रतिभाने हात पुढे केला, मी नको म्हटलं. बटण दाबून काठी लांब केली, उताराच्या खुणेवर आणली. तुमच्या नव्हे, माझ्या. प्रतिभाच्या गुलाबी नेलपॉलिशने मी माझ्या मापाच्या खुणा करून घेतल्या आहेत, तुमच्या प्रत्येक लाल ठिपक्यापेक्षा दोन भोकं कमी. आधी काठी खालच्या पायरीवर टेकली, मग पाय. तो काही यांचा खांदा नव्हता. पण माझ्या पुढे, एक पायरी खाली, काहीतरी घट्ट उभं होतं. पहिल्या वळणावर मी रडले. प्रतिभा दुसरीकडे बघत राहिली, शहाणी मुलगी आहे. मग सगळ्या पायऱ्या मी माझी मी उतरले.

ताई, आभार कसे मानायचे मला कळत नाही. साडीला साडी देता येते, याला काय देणार? काठी तुम्हाला परत पाठवावी म्हणून काल गुंडाळून बांधलीही होती. प्रतिभाने गाठी सोडल्या, म्हणाली, मम्मी रागावेल. आणि खरं सांगते, तिने सोडल्या तेव्हा मला बरं वाटलं.

बूच नवं बसवलं आहे. तुमचे लाल ठिपके तसेच ठेवले आहेत. कपड्यांसाठी नवा बांबू आणला.

आता माझं एक ऐका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इकडे या. तोवर पाऊस संपलेला असेल आणि लेण्यांचा डोंगर हिरवा असेल. तुम्हाला चढ झेपत नाही, मला उतार. चढताना काठी तुमच्या खुणेवर लावून तुम्ही घ्या, मी मागून येते. वर बसून बेदाणे खाऊ. उतरताना काठी मला द्या आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा. मी एक पायरी पुढे असेन.

तुमच्याहून दोन भोकं बुटकी,
नवसा