भरून येतं म्हणजे

बाबा, आज माझी स्ट्रेस इको झाली. आधी झोपवून हृदयाची सोनोग्राफी, मग ट्रेडमिलवर धाप लागेपर्यंत पळवायचं आणि लगेच डाव्या कुशीवर आडवं करून पुन्हा तीच सोनोग्राफी. रक्त कमी पोचत असेल तर हृदयाचा तेवढा भाग दमल्यावर नीट हलत नाही, ते पडद्यावर दिसतं. बसल्या जागी काही कळत नाही म्हणे. मला तसा काही त्रास नाही, पण वडील कशाने गेले ते सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला सोडलंच नाही.

पट्टा जोरात फिरायला लागला तसे तुम्ही आलात. खरंच आलात. तांजोंग पगारला माझ्या ऑफिसजवळचा तो पादचारी पूल, आणि तुम्ही अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून मीच तुम्हाला पुण्याहून इथे परदेशात आणलं होतं. मी वरून घाई करतेय आणि तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणता, "थांब गं जरा. भरून येतं." मला वाटतं, आईची आठवण आली. मी खाली येऊन तुमचा हात धरते, दोन मिनिटांत तुम्ही चालायला लागता, आणि आपण किती समजूतदार मुलगी आहोत याचं मला कौतुक वाटतं. डोंबल समजूतदार.

त्याच आठवड्यात तुम्हाला ताप आला म्हणून आमच्या इमारतीखालच्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांचे इथले इंग्रजी उच्चार तुम्हाला कळेनात, तेव्हा दुभाषी मी. त्यांनी छातीत कधी दुखतं का विचारलं. तुम्ही म्हणालात, "दुखत नाही हो. जिना चढताना भरून येतं, थांबलं की जातं." आणि मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, माझी आई नुकतीच गेलीय, त्यांना तिची फार आठवण येते. जिना गाळला, थांबणं गाळलं. डॉक्टरांनी हळहळून तापाच्या गोळ्या दिल्या. पुण्याला परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात.

आज बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, सगळं नीट हलतंय, काळजी नको. मी हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, सुटकेने रडतेय. मीही तसंच वाटू दिलं.

दादा अजून चिडतो तुमच्यावर. एवढं होत होतं तर बाबांनी एकदा तोंड उघडायला काय झालं होतं, म्हणतो. इतकी वर्षं मी फोनवर नुसती हो ना, हो ना करते. हे पत्र खरं तर त्याला पाठवायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट विचारणार नाही.