तीन महिने साखर बंद

मंगळवार, ता. १७

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा परत गेलाय. खालचा शिंपी सकाळी सहालाच मशीन सुरू करतो, त्यामुळे गजर लावायची गरज उरली नाही. तुझ्या तोंडाला चव आली का? तुझा नवरा, आमचे जावईबापू, म्हणत होते, उलट्या थांबल्यात, पण तू ताट पुढे सरकवतेस आणि बघत बसतेस.

वजन कमी करायचा वर्ग मी बंद केलाय. दारावर 'प्रकृतीच्या कारणामुळे' अशी पाटी लावली. कोणाच्या प्रकृतीच्या, ते लिहिलं नाही. बायकांचे फोन येतात, "ताई, आमची पोटं परत सुटली हो!" मी म्हणते, सुटू देत.

बघ, लिहायचं एक आणि मी शिंप्याचं पुराण लावलंय.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझ्या जिभेनंच मला खाल्लं. जन्मभर केक, बिस्किटं, चहात तीन चमचे साखर. तू ओरडायचीस, मी ऐकलं नाही. आता घास उचलायचीच भीती वाटते." आणि मी काय म्हणाले? "असू दे गं आता." असू दे! म्हणजे दोष तुझाच, पण मी मोठ्या मनानं माफ केला. फोन ठेवल्यावर मला स्वतःची अशी शिसारी आली म्हणून सांगू.

म्हणून काल तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खोटं कशाला बोलू, त्यांनी साखरेवर खापर फोडावं हीच माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या, "वजन, दारू, खाणंपिणं यानं धोका थोडा कमी-जास्त होतो, हे खरं. पण जन्मभर नेमानं जेवलेल्या बायकाही माझ्याकडे येतात. तुमची बहीण बिस्किटांमुळे आजारी पडली असं मी म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू नका. आधी तिला जेवायला घाला, नाहीतर केमोचं पुढचं औषध लांबवावं लागेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "एक मात्र कळत नाही. गाठ हाताला लागल्यावर पाच महिने त्या का थांबल्या? विचारलं तर म्हणतात, कंटाळा केला."

कंटाळा केला म्हणालीस, ठमे. जावईबापूंनाही तेच सांगितलंस.

त्या दिवशी वर्गात पडद्यामागे मी तुझी मापं घेत होते. टेप छातीभोवती होती. तू माझा हात धरून काखेजवळ नेलास. "ताई, इथं काहीतरी लागतंय बघ." मला लागलं. वाटाण्याएवढं, टणक. मी म्हणाले, "चरबीची गाठ आहे. तीन महिने साखर बंद, आपोआप विरेल. डॉक्टर उगाच सुया टोचत बसतील." बाहेर बारा बायका ताटकळत होत्या. मी वहीत माप लिहिलं आणि "पुढची!" म्हणून हाक मारली.

ते काय आहे, मला ठाऊक नव्हतं. पण 'मला ठाऊक नाही' असं म्हणायची माझ्या जिभेला सवयच नव्हती गं. वर्गातली प्रत्येक बाई विचारायची आणि प्रत्येकीला माझ्याकडे उत्तर तयार.

आणि तू ऐकलं नाहीस कसं? ऐकलंस, तेच तर वाईट झालं. लेकीच्या वाढदिवसाला केकचा कणसुद्धा तोंडात घातला नाहीस. तीन महिन्यांनी वजन उतरलं तेव्हा मी तुला पुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या चालू असताना तू माझ्या कानात म्हणालीस, "गाठ मात्र आहे तशीच आहे." मी म्हणाले, "अजून दोन महिने."

याहून वाईट सांगते. ऑपरेशनच्या दिवशी जावईबापूंनी व्हरांड्यात मला विचारलं, "ही इतके दिवस गप्प का बसली?" मी म्हणाले, "आळशीच आहे ती. त्यात गोडाचा सोस." तू स्ट्रेचरवर होतीस, डोळे मिटून. तू ऐकलंस का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही.

काल संध्याकाळी जावईबापूंना सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. म्हणाले, "ताई, तुम्ही काही दिवस आमच्याकडे येऊ नका." बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे पोस्टानं पाठवतेय.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. रागाव माझ्यावर. खरंच रागाव. पण जेव बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते जेव, आणि वर एखादं बिस्कीट खावंसं वाटलं तर खा, चोरासारखं नको.

लेकीलाही नीट सांग. मागच्या आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "मावशी, मी काय काय सोडू?" तिला सांग, आईनं खाऊन हे ओढवून घेतलेलं नाही. नीट खा, हिंड, फीर. आणि कधी अंगाला काही वेगळं लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मावशीला विचारायचं नाही.

तुझा हात हातात असून न ऐकलेली,
ताई