प्रोसेसर पंधरा टक्क्यांनी महाग

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायचे झाले तर धावपळ नको. मी प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत त्यांचे भाव ठरवतो. कॉम्प्युटरचा मेंदू किती महाग, हे माझ्या मेंदूतून निघते. (वाक्य साहेबांपुढे टाकणे.) संकल्प : पहाटे फिरणे. साखर बंद. भाव पंधरा टक्के वर.

३ जानेवारी
फिरणे राहिले. थंडी.
साहेबांना योजना पटली. एक एप्रिलपासून सगळे प्रोसेसर महाग. तीन महिने आधी जाहीर करायचे, ही माझी खास सूचना. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवू नये. विक्रीच्या मॅडम म्हणाल्या, मग व्यापारी तोवर जुन्या भावात माल भरून ठेवतील. त्यांना दुधातही खडा सापडतो.

२० जानेवारी
ऑर्डरींवर ऑर्डरी! भाववाढ जाहीर केली आणि मागणी दुप्पट. मॅडमना आकडा दोनदा दाखवला.
पॅकिंगला माणसे कमी पडतायत. धाकट्या भावाला फोन केला. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये किती वर्षे ग्रीस पुसणार? तो म्हणाला, नोकरी कायमची आहे, आणि घरी पाळणा हलणार आहे. म्हटले, मी आहे ना. विषय संपला.

१६ फेब्रुवारी
धाकटा रुजू. बायकोने विचारले, एवढे प्रोसेसर घेतंय कोण? म्हटले, जग. म्हणाली, जगातल्या एकाचं नाव सांगा. हिला अर्थशास्त्र शिकवणे : पुढच्या रविवारपासून.

१२ मार्च
एप्रिल ते जूनच्या नफ्याचा अंदाज जाहीर करायचा होता. फेब्रुवारीचा आकडा तीनने गुणला, वर पंधरा टक्के. साहेबांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. शेअर वधारला.
धाकटा जेवायला आला होता. सांगत होता की खोकी जातात ती त्याच चार घाऊक व्यापाऱ्यांकडे. गोदामे भरली, आता जिन्यात रचतायत. त्याला म्हटले, तू चिकटपट्टीकडे बघ.

१ एप्रिल
नवे भाव लागू. ऑर्डर एकही नाही. पहिलाच दिवस आहे.

९ एप्रिल
एक आली. चुकून होती.
साखर पुन्हा सुरू. त्याशिवाय डोके चालत नाही.

५ मे
घाऊकवाले आमचाच साठवलेला माल आमच्यापेक्षा स्वस्तात विकतायत. म्हणजे आम्हाला टक्कर द्यायलाही आमचाच प्रोसेसर लागतो. अभिमानाची गोष्ट. मॅडमना सांगितले. त्या उठून गेल्या.
धाकट्याला मुलगी झाली. दवाखान्यात हळूच म्हणाला, पॅकिंगचा पट्टा आठवडाभर बंद आहे, आम्ही नुसती फरशी पुसतो. म्हटले, स्वच्छता हवीच.

१९ मे
साहेबांनी अंदाज निम्म्यावर आणला. तो तरी गाठा, म्हणाले. विक्री हलत नाही, तेव्हा कुठला खर्च काढला की आकडा जुळतो, ते मी सांगायचे. दुपारभर जुळवले. पॅकिंगची एक पाळी काढली की बरोबर बसतो. नवे लागलेले आधी जाणार, असा नियम. नावे दुसरे खाते काढते, माझा संबंध नाही.
धाकट्यासाठी साहेबांकडे शब्द टाकणे : उद्या.

२० मे
साहेब घाईत होते.

२७ मे
साहेब मोकळे होते. मी घाईत होतो.

१ जून
पाळी बंद झाली. धाकट्याचा फोन आला. मीटिंगमध्ये होतो, असे कळवले.

३ जुलै
नफा अंदाजाइतकाच आला, दशांशापर्यंत. टाळ्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.
संध्याकाळी धाकट्याकडे जावेच लागले. वर्कशॉपमध्ये जाऊन आला होता. त्याच्या जागी माणूस घेतलाय. भावजयीने पाणी ठेवले आणि आत गेली. तो मुलीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होता. म्हटले, बाजार सुधारेल. तो म्हणाला, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय.
मग फेरी मारता मारता थांबला.
"दादा, तुला आधी कळलं असतं तर सांगितलं असतंस ना?"
मी म्हटले, अर्थात.
"तेच मी हिला सकाळपासून सांगतोय." त्याने आतल्या खोलीकडे मान केली.
निरोप घेऊन बाहेर पडलो आणि त्याच्या जिन्यात बसलो.