न ऐकू आलेली कड

बाबा, परवा मी अंपायर म्हणून परदेशी चालले आहे. आशियातल्या मुलींच्या संघांची पात्रता स्पर्धा आहे. जिंकतील त्या विश्वचषकाकडे जातील, बाकीच्या घरी परततील. त्यातल्या कितीतरी जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या. तिथे टीव्हीवर निर्णय पुन्हा तपासायचा रिव्ह्यू नाही, मी बोट वर केलं की मुलगी गेली, नाही केलं की राहिली. तुम्ही असता तर साऱ्या गल्लीला सांगत सुटला असता. आणि मला भीती वाटते आहे.

डावा कान गेला आहे माझा, निम्म्याहून जास्त. काल धंतोलीत कानाच्या दवाखान्यात तपासून आले. छोट्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी लबाडी केली, अंदाजानंच दाबत राहिले. यंत्रानं पकडलं. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोयही राहिली नाही म्हणायची.

शंका आली ती गेल्या रविवारी, सरावाच्या सामन्यात. मौद्याची एक मुलगी खेळते आहे. चेंडू बॅटच्या कडेजवळून कीपरकडे जातो, सगळ्या ओरडतात, मला काहीच ऐकू येत नाही. मी नकारार्थी मान हलवते. तर ती मुलगीच बॅट काखेत घेऊन चालू लागते. “लागला होता, मॅडम,” जाता जाता म्हणते. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कीपर मात्र जवळ येऊन म्हणाली, “मॅडम, आवाज तं बाउंड्रीपर्यंत गेला. तुमाले काहून नाई आला?” वारा होता, म्हणाले मी.

तेव्हा उमरेडचा तो सामना आठवला. आठवडाभर यंत्रमागावर काम आणि रविवारी पांढरा कोट घालून अंपायरिंग, हा तुमचा नेम. त्या दिवशी एका बॉलरनं विकेटमागच्या झेलाचं अपील केलं, तुम्ही फेटाळलंत. त्याला बघायला निवड करणारी माणसं आली होती. परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, “मले आवाजच नाई आला वं. मागाच्या खटखटीनं कान गेले माहे. त्या गड्याचं वर्ष गेलं माह्यापायी.”

मी दहावीत, तोंडाची फटकळ. म्हटलं, “पण कोणाले समजलं?”

“मले समजलं ना,” म्हणालात, आणि तो कोट पुन्हा अंगावर चढवला नाहीत. मी तुम्हाला भित्रे म्हणाले. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

आता भित्रं कोण ते दिसतंच आहे. एवढ्या एका बोलावण्यासाठी वीस वर्षं उन्हात उभी राहिले मी. स्पर्धेवाल्यांना कानाचं खरं सांगणारा एक फोन केला तर माझ्याऐवजी दुसरी जाईल. नाही केला, तर तिथे कुठल्याशा मुलीचं वर्ष माझ्या कानापायी जाईल आणि तीही मौद्याच्या पोरीसारखी आपणहून चालू लागेलच असं थोडंच आहे? फोन समोर आहे. हात पुढे होत नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून सांगून टाकते. काल डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला कमी ऐकू येत होतं का? मी म्हणाले, नाही, वडिलांचे कान शेवटपर्यंत तिखट होते. हो म्हटलं असतं, तर पुढे तुम्ही काय केलंत त्याकडेही बघावं लागलं असतं.