उजव्या हाताने लिहिलेलं पत्र

सोलापूर,
रविवार, ता. १९ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप दादांस,

द्वारकेचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा खोकला कसा आहे? अडुळसा संपला असेल तर कळवा, इथून पाठवते.

तिळगुळाबरोबर एक उपरणं पाठवलं आहे. इथल्याच मागावरचं आहे, काठाला बारीक जर आहे. तुमचं जुनं हरवल्यापासूनचं हे सहावं. आधीची पाच तुम्ही कधी खांद्यावर घेतली नाहीत, हे आपल्या केमहून येणारा कुंकूवाला मला सांगत असतो. तरी पाठवते.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि आमच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या मुली गावाहून परतल्या. बोर्डिंग पुन्हा गजबजलं आहे. यंदा एक नवल झालं आहे. कॉलेजात मुलींचा वाद्यवृंद उभा राहिला आहे. तीन फिडली, दोन दिलरुबे, बासरी, पेटी, तबला आणि जलतरंग. जलतरंग वाजवते ती वळसंगची नागव्वा. घरी जनावरं राखलेली मुलगी, पण हात असा हलका की वाटीला काडी लागली की नाही कळू नये. पहिल्या महिन्यात मुली एकीकडे आणि सूर दुसरीकडे असा प्रकार होता. आता सगळ्या मिळून एक गत वाजवतात तेव्हा मी वह्या तपासायची थांबते.

त्यांना शिकवतात चनबसप्पा मास्तर. हे नाव वाचून पत्र खाली ठेवू नका. मास्तर आता फार थकले आहेत.

१ फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉलेजच्या दिवाणखान्यात जलसा आहे. मुंबईहून फिडल वाजवणाऱ्या एक बाई पाहुण्या म्हणून येणार आहेत. तिकडच्या रेडिओवर वाजवतात म्हणे. पत्रिका छापून आली की पाठवते.

सकाळची गाडी धरलीत तर दुपारी जेवायला इथे पोचाल. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक ऐका.

तुमची धाकटी,
द्वारका


सोलापूर,
रविवार, ता. २ फेब्रुवारी १९३६

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही आला नाहीत. काल दुपारी दोन ताटं वाढून ठेवली होती. मग एक झाकलं.

पत्रिका मी पाठवली नाही. ती छापून आली होती आणि आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होती. पाहुण्यांचं नाव तिच्यावर ठळक होतं, कुमारी प्रभा केमकर. हो, आपली प्रभा. तुम्ही तिला बजावलं होतं ना, पुन्हा माझं नाव लावू नकोस म्हणून? तिने गावाचं लावलं.

नाव वाचलंत तर येणार नाही, ही भीती. न वाचता आलात तर समोर तिला पाहून काय कराल, हीही भीती. म्हणून बोलले नाही. मी नेहमी अशीच वागत आले, दादा. पण ते पुढे सांगते. आधी जलसा सांगू दे.

प्रभा शुक्रवारी आली. चोवीस वर्षांची झाली आहे. वहिनींसारखी उंच, चालणं मात्र तुमचं, जरा पुढे झुकून. मुंबईत एका संगीतशाळेत शिकवते, दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. आल्याबरोबर मास्तरांच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मास्तर संध्याकाळी नवा फेटा बांधून आले, एवढंच पाहिलं.

व्यासपीठावर मी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. साहेबलोक वाजवतात तसं फिडल हनुवटीखाली धरून तिने वाजवावं, असं मनात होतं. प्रिन्सिपॉलना सांगितलं, खुर्ची शोभून दिसते. खरं कारण तुम्हाला कळेल. आपल्याकडच्या बैठकीत फिडलचं टोक उजव्या पावलावर टेकवतात. ते पाऊल मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

पाच वाजले. दिवाणखाना भरला. वकील, मास्तर मंडळी, गिरणीतले दोनचार अंमलदार, डावीकडे बायका. मुली आपापल्या वाद्यांशी बसल्या आणि नागव्वाने पहिल्या वाटीला काडी लावली. तिचा चेहराच उतरला. दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. सगळे सूर खाली गेलेले.

झालं होतं असं. आमचा शिपाई हरिबा सतरंज्या घालायला गेला होता. त्याला त्या वाट्या दिसल्या, एकीत घोटभर पाणी, एकीत अर्धी वाटी, एकीत काठोकाठ. त्याने घागर आणून सगळ्या नीट भरून ठेवल्या. मी त्याला बाजूला घेतलं तर मलाच म्हणतो, "बाई, एकीला लई आन् एकीला थेंबभर, पावण्यांम्होरं बरं दिसतं व्हय? समद्या सारक्या केल्या की."

नागव्वा रडायच्या बेतात. मास्तर उठायला लागले, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. तेवढ्यात प्रभा खुर्चीवरून उठली आणि नागव्वाच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसली. फिडलवर एक सूर धरायची आणि डोळ्यांनी खुणावायची. नागव्वा चमच्याने पाणी काढायची, काडी लावायची, पुन्हा काढायची. प्रभा मान हलवायची, अजून थोडं. असं एकेका वाटीचं. दहा मिनिटं तरी लागली असतील. शेवटची वाटी सुरात आली तेव्हा मागून कुणी तरी "वा" म्हणालं आणि लोकांनी टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, पहिली चीज झाली.

प्रभा खुर्चीकडे जायला निघाली तर मास्तर हळूच म्हणाले, "कुंद्रव्वा." इथेच बस पोरी, असं कानडीत. ती बसली. मुलींच्या ओळीतच, मांडी घालून, उजवं पाऊल पुढे घेऊन.

तिने फिडल कपाळाला लावलं. मग पिशवीतून कापडाची एक घडी काढली, पावलावर अंथरली आणि त्या घडीवर फिडल टेकवलं. पाय लागलाच नाही, दादा.

मी बायकांच्या पहिल्या ओळीत होते. घडीचा काठ मला ओळखू आला. तुमचं उपरणं होतं ते. त्या दिवशी रागाच्या भरात माझ्याकडे खुंटीवर विसरून गेलात, ते. तुम्ही पत्रातून विचारलंत, मी घरभर शोधलं आणि मिळालं नाही म्हणून कळवलं. ते खरंच मिळालं नव्हतं. ते तिच्याबरोबर हुबळीला गेलं होतं, तिथून मुंबईला. जर झिजून नुसता पिवळा दोरा राहिला आहे.

आधी तिने भीमपलास वाजवला, मुलींनी मागे साथ धरली. मग मुलींना थांबवून एकटीने वाजवायला लागली. दोन ओळी झाल्या आणि मला केमचं देऊळ दिसलं. तुम्ही शेजारती म्हणता ती चाल. दुसऱ्या ओळीत मध्येच तुम्ही श्वास घेता ना, दुसरं कुणी तिथे घेत नाही, तिथेच तिने गज उचलला. दर वेळी तिथेच. लोकांना काय कळणार? त्यांना ती एक लकब वाटली असेल. माझ्या शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला.

आता दुसरं.

दादा, सहा वर्षांपूर्वी तुम्हाला एक निनावी पत्र आलं होतं. वेडंवाकडं अक्षर, खाली 'एक हितचिंतक'. तुमची मुलगी नाटक कंपनीतल्या माणसापुढे मांडी घालून बसते, भर बैठकीत विद्येला पाय लावते, देवाच्या पुजाऱ्याच्या घरी हे शोभतं का, असं त्यात होतं. ते घेऊन तुम्ही रात्रंदिवस प्रवास केल्यासारखे माझ्या दारात आलात. पत्र माझ्या हातात दिलंत, वाच म्हणालात. मी ते प्रभासमोर, मास्तरांसमोर मोठ्याने वाचलं.

ते मीच लिहिलं होतं. डाव्या हाताने.

वहिनी गेल्यावर तुम्ही प्रभाला शिकायला माझ्याकडे ठेवलंत. फिडल तिला मीच घेऊन दिलं, मास्तरांना घरी मीच बोलावलं. तेव्हा मी मुलींच्या शाळेत होते. एक दिवस हेडबाईंनी मला बसवून घेतलं. म्हणाल्या, विधवा बाईच्या घरी नाटकातला फिडलवाला रोज येतो, आईबाप आमच्याकडे विचारणा करतात, तुम्ही शहाण्या आहात. बस, इतकंच. मला नोकरी गेलेली दिसली. पुन्हा सासरच्या स्वयंपाकघरातला तो कोपरा दिसला. प्रभाला थांब म्हणायला हवं होतं. पण ती वाजवायला बसली की मीच दारात येऊन उभी राहायची, तिला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून वाटलं, थांबवायचं तर दादांनी थांबवावं. आपलं नाव येऊ नये.

आणि तुम्हाला काय लागेल ते मला माहीत होतं. लहानपणी पोथीला पाय लागला की अप्पा तीनदा नमस्कार करायला लावायचे. मी हुंदके देत करायची आणि तुम्ही माझ्याबरोबर उगीचच करायचात, मला एकटीला करावं लागू नये म्हणून. ते आठवून मी ते वाक्य लिहिलं, दादा.

तुम्ही मास्तरांना नको ते बोललात. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि पायऱ्या उतरले. फिडल तुम्ही घेऊन गेलात. तू मला मेलीस, असं तुम्ही प्रभाला म्हणालात. तिसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या बहिणीकडे हुबळीला निघून गेली. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की लोक वाईट असतात.

आज सकाळी हे प्रभाला सांगितलं. ती गजाला राळ लावत होती. लावतच राहिली. मग म्हणाली, "आत्या, मला काय सांगतेस? पत्र ज्यांना टाकलं होतंस त्यांना सांग."

मी विचारलं, तू रागावलीस का?

"रागावणार आहे," म्हणाली. "पण आधी तू लिही. नंतर सवडीने रागावते." आणि माझ्यापुढे दौत आणून ठेवली.

म्हणून लिहिते आहे. मास्तरांना सांगायला संध्याकाळी जाणार आहे. ते ऐकून घेतील, आणि तेच मला जड जाईल.

प्रभा गुरुवारी सकाळच्या गाडीने मुंबईला निघते. गाडी केमला थांबते. फार वेळ नाही, पण देवळाची पूजा आटोपून स्टेशनवर यायला तुम्हाला जमेल एवढ्या उजेडाला पोचते. ती फलाटाच्या बाजूला, बायकांच्या डब्यात खिडकीशी बसेल. तुम्हाला लिहिते आहे हे तिला ठाऊक आहे. तुम्ही याल असं ती म्हणत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही.

तिला जाब विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. विचारायचा तो मला विचारा. उपरण्यांचं पार्सल पुढल्या संक्रांतीला परत पाठवलंत तरी मी समजेन. फक्त त्या दिवशी माझ्यावरच्या रागाने घरात बसू नका. ते पत्र खरं मानून एकदा तुम्ही तिला गमावलंत. हे पत्र खोटं मानून पुन्हा गमावू नका.

त्या पत्राखाली सही राहिली होती. सहा वर्षं उशिराने, उजव्या हाताने करते.

हितचिंतक नव्हे, तुमची बहीण,
द्वारका