भिंतीपलीकडची शीळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातलाय, जमिनीवर घातला असं समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? त्यांना सांग, नवा चष्मा डोळ्यांवर लावायचा असतो, कपाळावर नाही. चष्म्याच्या दुकानात जन्म काढला आहे, तेव्हा एवढं बोलायचा मला अधिकार आहे. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो. आता ही मुलीकडे राहायला जायचं म्हणतेय, आणि कपाटावरची बॅगही खाली आली आहे. का ते पुढे येईलच.

तर झालं असं, की आमच्या दुकानासमोरच्या रेकॉर्डवाल्याने दुकान मोडीत काढलं आणि मी तिथून सिनेमाच्या पार्श्वसंगीताचे तीन अल्बम उचलून आणले. गाणी नाहीत हं, नुसतं पार्श्वसंगीत. हिने विचारलं, गाणीच नाहीत तर ऐकायचं काय? आता तिला काय सांगणार? ती काही भिंतीला पेला लावून वाढलेली नाही. मी शाळेसाठी मावशीकडे, म्हणजे तुमच्याकडे, राहायला आलो तेव्हा तुमच्या आतल्या खोलीची भिंत आणि शेजारच्या थिएटरची भिंत एकच होती. संवाद यायचे ते तोंडात घास असल्यासारखे, पण संगीत अगदी स्वच्छ यायचं. आपण उलटे पेले भिंतीला आणि कान पेल्यांना लावून बसायचो. मग तू मला डोळे मिटायला लावायचीस आणि संगीतावरून सिनेमा सांगायचीस. (सगळे सिनेमे तुला मैत्रिणीच्या वडिलांनी आधीच दाखवलेले असायचे, असं तूच म्हणायचीस. एवढे सिनेमे दाखवणारा बाप पोटापाण्याला काय करत होता, हा प्रश्न मला आत्ता पडतोय.)

पहिला अल्बम त्या दरोडेखोरांच्या सिनेमाचा. संगीत झकास, फक्त ट्रंपेट फार आहे. वाजवणारा दमत नाही, ऐकणाऱ्याला धाप लागते. दुसऱ्या बाजूला तो ढोलांचा तुकडा आहे, ज्यावर तू सरदाराला फासावर चढवला होतास आणि मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. ताई, कव्हरच्या मागे प्रत्येक तुकड्याचं नाव छापलंय. त्या तुकड्याचं नाव आहे 'न्याहारी'. दुसरा अल्बम प्रेमकथेचा. यात संगीतकाराने एकच सुरावट सबंध सिनेमाभर पुरवून वापरली आहे. पळवली की आनंद, रांगायला लावली की दुःख. व्हायोलिन मात्र असं वाजलंय की ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि संपेपर्यंत दारात उभी राहिली. याच व्हायोलिनवर तू नायिकेला क्षयाने मारलंस, मला हुंदके फुटले आणि तेवढ्यात माझ्या वाटचं दूध पिऊन टाकलंस. तिथे छापलंय, 'मांजरीची पिल्लं'. मी इतका हसलो की कंबर धरली ती तेव्हाच.

त्यामुळे तिसरा अल्बम लावला तोही हसायच्या तयारीने. हा भुताच्या सिनेमाचा. तो तुकडा तू विसरली नसशील. व्हायोलिनं चढत चढत जातात, एकदम थांबतात, आणि त्या शांततेत भिंतीतून शीळ यायची. आखूड, एकामागून एक, चार. तू अगदी हळू आवाजात सांगितलं होतंस की तो घराबाहेर उभा राहून आत माणसं किती आहेत ते मोजतोय. मावशी, काका, तू आणि मी. काका कामासाठी बाहेरगावी गेले होते तेव्हा तीनच आल्या, आणि तू नुसतं 'बघ' म्हणालीस. मी कितीतरी दिवस पांघरुणातून नाक बाहेर काढलं नव्हतं.

रेकॉर्डवर ती शीळ नाही. व्हायोलिनं थांबतात आणि पुढे काहीच नाही. कव्हरवर संगीतकाराने स्वतः लिहिलंय की इथे मी निव्वळ शांतता ठेवली आहे, आणि या शांततेचा मला माझ्या सगळ्या सुरांपेक्षा जास्त अभिमान आहे. (न वाजवलेल्याचाही अभिमान बाळगणारी माणसं असतात.) म्हटलं, सिनेमात असेल, रेकॉर्डवर घेतली नसेल. त्या थिएटरचा म्हातारा डोअरकीपर माझं गिऱ्हाईक आहे. काच बदलायला आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या जागी सबंध थिएटर श्वास रोखून बसायचं, कोणी शीळ घातली असती तर मी गचांडी धरून बाहेर काढला असता. आणि तुमच्या भिंतीपलीकडे कोण असणार साहेब? तिथे पडद्यामागचा बोळ होता, तो दोन्हीकडून विटांनी बुजवलेला. तिथे उंदीरसुद्धा जात नव्हता.

रविवारी दुपारी मी तो तुकडा पुन्हा लावला. मी बाहेरच्या खोलीत, ही आत भांडी पुसत होती. व्हायोलिनं चढली, थांबली, आणि शीळ आली. दोन. मला वाटलं ही चेष्टा करतेय. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, शीळ कसली घालताय? वय काय आपलं!" मी उठून आत निघालो, ती बाहेर निघाली, आणि मधल्या दारात आम्ही समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या ओठांकडे बघत राहिलो. हिला जन्मात शीळ घालता आली नाही. माझी कवळी बसल्यापासून मला फुंकरसुद्धा धड मारता येत नाही. संध्याकाळी बॅग खाली आली. मी अल्बम माळ्यावर घोंगड्यांखाली दाबून ठेवला. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला भीती वाटतेय. आणि ही गेली तर या घरात मी एकटा राहीन, त्याची जास्त वाटतेय.

बाकी विशेष काही नाही. एकंदरीत तिन्ही अल्बम संग्रही ठेवण्यासारखे आहेत. त्यातला तिसरा तुझ्या संग्रही ठेवावा असं मला वाटतं, म्हणशील तर लगेच पाठवतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. ती शीळ तूच घालत होतीस ना? माझे डोळे मिटलेले असायचे, आणि तुझं तोंड कुठे होतं ते मी कधी पाहिलं नाही. न्याहारीची फाशी तू केलीस, मांजरीची पिल्लं तू मारलीस, मग हीसुद्धा तुझीच असणार. मी मुळीच रागावणार नाही, उलट आलीस की तुझे पाय धरेन. फक्त एका ओळीत लिही, 'शीळ मीच घालत होते.' हिला दाखवतो, म्हणजे बॅग परत वर जाईल. रविवारच्या दोन शिळांचं आमचं आम्ही बघून घेऊ. या वयात कान वाजतात.

आणखी एक. घातली नसशील, तरी तेच लिही. एवढे सिनेमे सांगितलेस, त्यात आणखी एक.

(हे पाकिटाच्या पाठीवर लिहितोय, पोस्टमनने वाचलं तर वाचो.) पाकिटाला जीभ लावत होतो आणि ही आतून ओरडली, आता पुन्हा कशाला शीळ घालताय! मीही ऐकली. रेकॉर्ड माळ्यावर आहे, प्लेअरची वायर माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. आणि या वेळी तीन आल्या. घरात आम्ही दोघंच आहोत, मी सगळ्या खोल्या बघून आलो. ताई, तू इकडे यायला निघाली असशील तर फारच उत्तम. निघाली नसशील तर हे मिळताच निघ. तिसरं माणूस तूच असलेलं बरं.