सहाव्या महिन्याचा झगा

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला डॉक्टरीणबाईंची मनाई आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं ठीक, म्हणजे अडीच. (त्या अर्ध्याचं वजन किती, यावरच पुढची सगळी कथा.)

शिंप्याशी लग्न केलं की काय होतं ते ऐक. कोणत्या महिन्यात किती वजन वाढावं याचा तक्ता डॉक्टरीणबाईंनी दिला, तो ह्यांनी ऑर्डर समजून घेतला आणि सहाव्यापासून नवव्यापर्यंतचे चार झगे शिवून खिडकीशी टांगले. दुपारी मशीनची घरघर चालते, मी पेंगते, आणि नवव्या महिन्याचा झगा वाऱ्याने हळूहळू फुगतो. त्यात कुणी भरलेली, सावकाश चालणारी बाई आहे आणि ती मीच आहे, असं वाटून उगीच डोळ्यांत पाणी येतं. जाग येते तेव्हा अंगावरचा सहावा झगा खांद्यावरून घसरलेला असतो. वजन वाढतच नव्हतं, ताई. चार-चार दिवस पोट साफ होत नसे, जेवण नको वाटे, आणि बाळ आत उपाशी असेल या काळजीने होती ती भूकही मरे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन जिवांचं म्हणून दुप्पट खायचं नाही, पण चोथा असलेलं खा. कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं, थोडा कोंडा, सगळं हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. ह्यांनी कोंडा तेवढा ऐकला. (गिऱ्हाइकांचंही हे अर्धंच ऐकतात.) न्याहारीत कोंडा, डाळीत कोंडा, दह्यात कोंडा, आणि पाण्याचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी पोट टम्म फुगलं आणि झगा अंगाला चपखल बसला. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. टाचण्या तोंडात धरून माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मला हसूही येत होतं, पण हसलं की दुखत होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं वाजवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हा वारा आहे." तरी काट्यावर अर्धा किलो जास्त भरलं, तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले.

आता कोंडा चमच्याने आणि पाणी तांब्याने, असं चाललंय. पोट साफ होतं, भूक लागते. काळजी नसावी.

तुझी धाकटी

ता.क. तू मुद्दाम येण्याचं काहीच कारण नाही.

ता.क. ये. तो अर्धा किलो ह्यांच्या कापड कापायच्या कात्रीचा होता, ती मी झग्याच्या खिशात ठेवली होती. खोट्या आकड्यावर बाळाची वाढ मोजतायत आणि मला झोप लागत नाही. बुधवारी पुन्हा वजन आहे. खरं मीच सांगेन, तू फक्त शेजारी उभी राहा.

ता.क. (हे मी लिहितोय, ताई. पाकीट चिकटवताना पत्र वाचलं, माफ करा.) झगा उजवीकडे ओढला जात होता, शिंप्याला ते दिसणारच. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगून आलो. बाळ व्यवस्थित आहे म्हणाल्या. पण मला कळलंय, हे हिला सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही याच.